बुटांना ऊन दाखवलं

हॅलो? … हॅलो, कोण बोलतंय? … काही ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला! … अहो, बंद करा ते मशीन दोन मिनिटं. कापूस काही पळून नाही जात!

हं, आता बोला. … आशा! अगं, तू होय? आणि हा नंबर कुणाचा? … कोण लंकाबाई? … अच्छा, तुमच्या चांदवडच्या, शेजारच्या. बरं बरं. … नाही गं, कसलं काम, एक खोळ शिवायला घेतलीय. साडेतीनच वाजतायत अजून.

तेजल? … आहे ना. आहे, आहे. मागच्या खोलीत आहे. … झोपलीय बहुतेक. … नको, उठवत नाही, पोरगी पहाटे पाचला उठते. … फोन बंद लागतोय? चार्जिंग संपलं असेल. … हो गं, खाते, नीट खाते. काल चार भाकरी खाल्ल्या तिनं. … बरं, दोन. पण मोठ्या होत्या.

तू फोन कशाला केलास ते सांग. … कशाबद्दल? … बुटांबद्दल?

… नाही, काही नाही. सुई टोचली. बोल तू. … हो, तेच ना, निळे, जाड तळाचे. तुझ्या भावानं, वाल्मीकनं, पुण्याहून पाठवलेले. … कसे निघाले म्हणजे? … चांगले निघाले. … हं. … हं. म्हणजे लंकाबाईंच्या मुलीलाही भरतीची तयारी करायचीय, आणि तिला तसलेच हवेत. … त्या तिथंच बसल्यात? … स्पीकरवर आहे? आशा, आधी सांगत जा गं! मी आपली भाकरी मोजत बसले!

नमस्कार, लंकाबाई. … हो, मी बिलकिस. नाशिक रोडला आमचं गाद्यांचं दुकान. आम्ही पिंजारी, तीन पिढ्यांचं काम आहे. तुमची आशा पंधरा वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून गाद्या शिवायची, सांगितलं का तिनं? … नाही? बघा. चांदवडला गेली नि मोठी झाली. … चेष्टा करते हो! हिचे मिस्टर रिटायर झाले, मग गेले गावी. आणि तेजल दिवाळीपासून माझ्याकडे आहे, पोलीस भरतीच्या तयारीला. मला खाला म्हणते, म्हणजे मावशी. परवा गुरुवारी ग्राउंड आहे तिचं. आठशे मीटर पळायचं, आणि एकच चान्स.

हो, हो, बूट. तर बघा लंकाबाई, मी काही पळणारी बाई नाही. पण मऊ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. डबा उघडल्या उघडल्या मी काय केलं असेल? … नाही, किंमत नाही बघितली. … बरं, बघितली, आणि झाकण परत लावलं. मग पुन्हा उघडला आणि टाचेपाशी अंगठा दाबला. असा गच्च दाबायचा आणि सोडायचा. गादी चांगली असेल तर ‘एक’ म्हणायच्या आत वर येते. वाईट असेल तर तो खड्डा आपल्याकडे बघत बसतो. … हा बूट? लगेच वर आला. मऊ आहे, पण लिबलिबीत नाही. आमच्या ह्यांनी पण दाबून बघितला. म्हणाले, असला माल मला मिळाला असता तर मी आत्तापर्यंत बंगला बांधला असता.

वजन? केलं ना, आमच्या कापसाच्या काट्यावर. एक बूट पावणेतीनशे ग्रॅम. दिसतो केवढा, पण हातात काही नाही. … टाचेला दोन बोटं भरून जाड, पुढे दीड. आणि तळ पसरट केलाय, पाय मुरगळू नये म्हणून. ते मला फार आवडलं. उंच गादी करायची तर कडा भक्कम शिवाव्या लागतात, नाहीतर माणूस कडेला बसला की घसरतो. तसं आहे ते.

तेजलचं काय व्हायचं, नडग्या दुखायच्या. डांबरी रस्त्यावर पळायची ना, धप धप धप. आवाज पार दुकानात ऐकू यायचा. रात्री बर्फ लावून बसायची. ते बूट आले आणि तो आवाज गेला. पंधरा दिवसांत बर्फ बंद. … आता खरं सांगायचं तर अकॅडमीच्या सरांनी तिला सावकाश पळायला पण सांगितलं होतं तेव्हा, त्याचाही फरक पडला असेल. मी उगीच बुटांची आरती नाही करणार.

अगं आशा, ऐक ना… हो… हो गं, सांगते, त्यांना सगळं सांगू दे मला!

वाईट काय? आहे ना वाईट. वरची जाळी मच्छरदाणीसारखी आहे. वारा खेळतो, पाय उकडत नाही, पण धूळही तेवढीच खेळते. मोजे झटकले की अंगणात रांगोळी. … नाडी सुटते, दोन गाठी मारायच्या. … आणि बोटांपाशी तंग आहेत. पळताना पाय फुगतो हो. गादी भरली की कशी फुगते आणि कापड आखडतं, म्हणून आम्ही कापड घेताना आधीच जास्त घेतो. आशाला विचारा, पहिल्याच दिवशी मी तिला हे शिकवलं होतं. … हो ना गं? सहा फुटी गादीला सहा फूट कापड घेतलं होतं हिनं, नि मग ती गादी गिऱ्हाइकाच्या पायापर्यंत पुरेना! … आठवलं ना? तर लंकाबाई, बूट घेताना अर्धा नंबर मोठा घ्या. अंगठ्यापुढे नखाएवढी जागा पाहिजे.

आणि एक. हे बूट रोजच्या सरावाचे. ग्राउंडच्या दिवशी हे नाही घालायचे. … का म्हणजे? मऊ गादीवर झोप छान लागते, पण उठायला जड जातं की नाही? तसंच. सावकाश चार-पाच किलोमीटर पळायचं तर ह्याच्यासारखा बूट नाही. पण आठशे मीटर जीव काढून पळायचं तर पायाला जमीन लागली पाहिजे. तेजलचे जुने हलके आहेत ना, त्यांचाच जोर चांगला बसतो. … घ्या, जरूर घ्या. बूट उत्तम आहे.

टिकतात का? … टिकतात की. … कोण कसं ठेवतं त्यावर असतं ते. … दोन महिन्यांत तळ किती झिजला? … थोडासा. टाचेच्या बाहेरच्या बाजूनं. … फोटो? … आत्ता? … नको, आत्ता कुठे. … नाही, माझ्या मोबाइलचा कॅमेरा जरा… काल तेलाचा हात लागला… बूट? बूट आहेत ना. वर आहेत.

… वर म्हणजे पत्र्यावर. … तापलाय तर काय झालं? तापणारच, एप्रिल आहे. … आशा… आशा, ऐक. आधी तो स्पीकर बंद कर. … लंकाबाईंना म्हणावं चहा ठेवा. … नाही, आधी बंद कर.

केलास? … आतल्या खोलीत गेलीस? … बसलीस का? … अगं, तेजलला काही झालेलं नाही! धडधाकट आहे. बुटांना झालंय. … मी केलंय.

कसं म्हणजे… तुला माहितीये ना, माझे हात. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी तेजल पळून आली, बूट काढले, मी आपला अंगठा दाबला. मला वाटलं, बसलेत. पूर्वीसारखे वर येईनात. आणि बसलेल्या गादीला आपण काय करतो? … हो. ऊन दाखवतो. … दहा वाजता पत्र्यावर ठेवले, गाद्यांच्या शेजारी. म्हटलं, चांगले फुगतील, पोरीला संध्याकाळी सरप्राइज! … चार वाजता. … नाही गं, मध्ये बघितलं नाही. कापसाला कुणी मध्ये बघतं का?

आखडले, आशा. लहान झाले! पापडासारखे टोकाला वळलेत. तिची टाच जाईना आत. मी म्हटलं, थांब, तेल लावते. … हो, तेल लावलं. … हस. हस तू. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले.

ती? ती रागावलीच नाही. तेच तर. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, खाला, फोम आहे तो, कापूस नाही. आणि मलाच पाणी दिलं. म्हणाली, आईला गुरुवार होईपर्यंत सांगू नकोस, ती वाल्मीकमामाला सांगेल. … वाल्मीकला म्हणावं, पोरीला नवे मी घेऊन देणार आहे. नाही, तू मध्ये बोलू नकोस, ते माझं नि तेजलचं ठरलंय.

मग काय, मी विचार केला. बुटात मऊ नाही राहिलं, तर जमिनीत मऊ शोधू. निफाडच्या बाजूला गोरक्षभाऊंची द्राक्षबाग आहे, त्यांच्या गाद्या आपणच भरतो. द्राक्षं निघालीत, छाटणी झालीय, बागेभोवतीची वाट मोकळी. माती अशी भुसभुशीत. म्हटलं, डांबर नको नि मैदानाचा दगड नको, नडग्या सांभाळ. ह्यांच्या टेम्पोतून पहाटे जातो आम्ही तिघं. ती पळते, मी वेळ लावते, आणि हे टेम्पोत घोरतात. … हो ना, नडग्या दुखत नाहीत. एकदाही नाही दुखल्या.

… मग झोपलीय असं का सांगितलं?

आशा, ती झोपलेली नाही. दार लावून बसलीय. … थांब, थांब, घाबरू नकोस. पिशवी भरलीय तिनं. चारच्या गाडीनं चांदवडला येते म्हणतेय. … ग्राउंड नाही देत म्हणते. … कारण तिचा टाइम घसरलाय गं! मार्चमध्ये मैदानावर आठशेला दोन मिनिटं चोपन्न सेकंद होता. सर म्हणाले होते, दोन पन्नासच्या आत आण, मग कुणी तुला हात लावत नाही. आणि बागेत पहिल्या दिवशी तीन-चौदा. मग तीन-नऊ. मग तीन-सहा. आज सकाळी जीव तोडून पळाली, माझ्या पायाशी येऊन पडली, आणि मी बघितलं तर तीन-दोन. म्हणाली, खाला, मी मागे चाललेय. परवा सगळ्यांसमोर शेवटची येण्यापेक्षा मी घरी जाते.

माझ्यामुळे झालं हे. … नाही, मला समजावू नकोस. एवढी हुशार पोर, सहा महिने पहाटे उठतेय. एकच वस्तू तिला कुणी प्रेमानं दिली नि ती मी पत्र्यावर भाजली. मला घास जात नाहीये गं सकाळपासून. तिला मी काय तोंडानं थांबवू? तूच सांग तिला. तुझं ऐकेल.

… काय? … माती मऊ आहे म्हणून? … ते मी पण म्हटलं तिला. म्हणाली, मातीनं चार-पाच सेकंद जातील, आठ नाही जात. … मोबाइलवर अंतर दिसतं हे मला माहीत आहे! पण मोबाइल माझ्या हातात असतो, वेळ लावायला. मी जाग्यावर उभी. मोबाइल कुठे पळतो?

मोजलं ना! असं कसं मोजल्याशिवाय पळवीन? आम्ही दोघांनी मोजलं, ह्यांनी एक टोक धरलं, मी एक. सगळ्या बागेला फिरलो, कमरेचा काटा ढिला झाला माझ्या. ह्यांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब काढला होता, आठशे मीटर म्हणजे चारशे सदतीस दोऱ्या. मी स्वतः मोजल्या, एक नाही चुकली. जिथं संपलं तिथं खांबाला चिंधी बांधली. … कुठली दोरी म्हणजे? आपली दुकानातली. सहा फुटी. … हो, लाल गाठीची. तीच, खिळ्याला लटकलेली असते ती, अजून तीच आहे. … का? … हसतेस काय? … अगं, काय झालं हसायला? तुझी पोर बॅग भरून बसलीय आणि तू…

… कापडाची. हो, कापड फाडायची दोरी. सहा फुटी गादीला कापड… 

या अल्ला.

आशा. … आशा, बोलू नकोस. थांब. अहो! अहो, ती दोरी काढा खिळ्यावरची! … विचारू नका, काढा! … टेप कुठेय माझी? … हं, धरा. ताणून धरा. … बहात्तर… पुढे… अहो, पुढे अजून आहे! अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर इंच, आशा! अर्धा फूट जास्त! गादीला लागतं तेवढं!

चाळीस वर्षं आपण तिला सहाची दोरी म्हणतोय गं! … तू म्हणालीस म्हणून, नाहीतर माझ्या डोक्यात… अहो, कॅल्क्युलेटर घ्या! प्रत्येक दोरीला अर्धा फूट, चारशे सदतीस दोऱ्या… किती? … दोनशे अठरा फूट. मीटर किती होतात? … सहासष्ट? सहासष्ट मीटर पोरगी रोज जास्तीची पळतेय! … आठशे सहासष्ट. आणि ते तीन मिनिटं दोन सेकंदात. … मग आठशेला किती? अहो, करा ना लवकर, बस निघेल तिची! … किती? … एकशे अडुसष्ट सेकंद. एकशे अडुसष्ट म्हणजे… दोन मिनिटं… अठ्ठेचाळीस.

दोन अठ्ठेचाळीस, आशा. भुसभुशीत मातीत.

… हॅलो? … रडतेस का गं? … मी नाही रडत. मी हसतेय. … दोन्ही.

तेजल! ए तेजल! दार उघड! … नाही उघडत. तेजल, पोरी, उघड, नाहीतर मी ह्यांच्याकडून कडी काढवीन! … आशा, तू फोनवर राहा.

… उघडलं. पिशवी खांद्याला आहे बघ. … तेजल, तुझी आई आहे फोनवर. नाही, रागावली नाही. सगळं सांगितलं मी तिला. … गाडी सोड. आधी सांग, आज सकाळी तू किती मीटर पळालीस? … चूक! … चूक म्हणते ना मी! ही दोरी बघ. ही टेप बघ. वाच. … मोठ्यानं वाच, आईला ऐकू दे. … अठ्ठ्याहत्तर! आणि किती पाहिजे होते? …

… आशा, कळलं तिला. … कशी दिसतेय? तोंडावर हात धरून उभी आहे. … आता खाली बसली. … पिशवीवरच बसली गं. … हसतेय. … नाही, रडतेय. अहो, पाणी द्या तिला. … म्हणतेय, खाला, उद्या सकाळी मैदानावर जाऊन बघू. … नाही बाळा, उद्या नाही, उद्या आराम, परवा ग्राउंड आहे. … आत्ता? आत्ता जायचं? … आशा, ती म्हणते मैदान आखलेलं आहे, पांढऱ्या रेषेवर एकदा पळून बघते, पूर्ण जोर नाही लावत, फक्त विश्वास बसायला. … जाऊ दे म्हणतेस? … बरं. ऊन उतरलं की पाचला नेते. वेळ मीच लावणार.

घे, आईशी बोल. … थांब, आधी पिशवी रिकामी कर, मग बोल. … अगं आशा, ती पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर घालतेय. … नाही, कपड्यांच्या दोरीवर!

लंकाबाई आल्या चहा घेऊन? … त्यांना सांग, बूट घ्या. बिनधास्त घ्या. रोजच्या सरावाला एक नंबर, अर्धा साइज मोठा, नाडीला दोन गाठी. आणि सावलीत वाळवायचे, पंख्याखाली. … काय विचारतायत? … सावलीतच का? … हो, ते पण सांग. आता काय लपवायचं. पंधरा मिनिटं मला ऐकलंय त्यांनी, त्यांनाही हसू दे.

गुरुवारी काय घालणार? जुने हलके. काढून ठेवलेत तिनं उशाशी. … तू येतेस? खरंच? … बुधवारी रात्रीच ये ना मुक्कामाला. तुझी गादी आहे अजून, मी कुणाला दिली नाही. … हो, तुझ्या हातची, आखूडच. पाय बाहेर राहतात म्हणून कुणी घेत नाही ती.

काय गं तेजल? … काय? … थांब, आईला सांगते. … आशा, तुझी लेक म्हणतेय, गुरुवारपर्यंत खालानं माझ्या कुठल्याही वस्तूला ऊन दाखवायचं नाही. … कसम खायला लावतेय मला, हात पुढे करून उभी आहे समोर. … हसू नकोस गं, दोघी मिळून… ठेव आता, मला हात मोकळा करू दे.